चेंडूचे टप्पे, ससा-कासव आणि भूमिती श्रेढी : अकरावीपर्यंत वाट कशाला पाहायची?



आज थोडा वाद घालायचा आहे. भूमिती श्रेढी हा विषय एका प्राथमिक शिक्षिकेने का काढावा, असं काहींच्या मनात येईल. डी.एड. झालेल्या बाईंनी पाढे, भागाकार आणि अपूर्णांक नीट शिकवावेत, श्रेढीबिढी वरचे लोक बघून घेतील, असा एक सूर असतो. तो मला स्टाफरूममध्येही ऐकू येतो आणि पालकसभेतही. पण अपूर्णांक नीट शिकवायचे म्हणजे काय, याचा विचार करता करताच मी या विषयापर्यंत आले, म्हणून लिहिते.

आपल्याकडे दहावीच्या बीजगणितात अंकगणिती श्रेढी आहे. भूमिती श्रेढी म्हणजे प्रत्येक पद आधीच्या पदाच्या ठरावीक पटीत असतं ती. ती विज्ञान शाखेला गेलेल्या मुलाला अकरावीत भेटते. भेटते तीसुद्धा इंग्रजीतून, 'जी.पी.' या नावाने, आणि येतानाच सूत्र घेऊन येते. पहिलं पद भागिले एक वजा गुणोत्तर. झालं. त्याखाली उदाहरण असतं : एक चेंडू अमुक उंचीवरून टाकला, प्रत्येक वेळी तो निम्म्या उंचीपर्यंत उसळतो, तर थांबेपर्यंत एकूण किती अंतर कापेल? मराठी माध्यमातून, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेलं पोर तिथे एकाच वेळी तीन गोष्टींशी झगडतं : नवी भाषा, नवं सूत्र, आणि 'अनंत पदांची बेरीज' ही आजवर कधीच न ऐकलेली कल्पना. यातली तिसरी गोष्ट खरी अवघड आहे, आणि तिच्याकडेच कुणी लक्ष देत नाही. बरीच मुलं इथे गणिताचा नाद सोडतात आणि आपण म्हणतो, मूळचाच पाया कच्चा.

माझं म्हणणं एवढंच आहे. सूत्र खुशाल अकरावीत राहू द्या. पण ठरावीक पटीने कमी होत जाणारी अंतरं, आणि न संपणाऱ्या तुकड्यांची संपणारी बेरीज, ही गोष्ट चौथी-पाचवीतल्या मुलाला हाताने करायला द्या. त्यासाठी चालतं-पळतं-उसळतं असं काहीतरी लागतं, कारण त्या वयात कागदावरची संख्या स्थिर असते आणि चेंडू हलतो.

चेंडूपासूनच सुरू करू. आमच्या वर्गात शहाबादी फरशी आहे. भिंतीवर खडूने जमिनीपासून १६० सेंटिमीटरपर्यंत खुणा केल्या, दर दहा सेंटिमीटरला एक. साधा रबरी चेंडू. एकाने सोडायचा (फेकायचा नाही, नुसता सोडायचा, हे दहा वेळा सांगावं लागतं), दोघांनी गुडघ्यावर बसून उसळी बघायची, एकाने लिहायचं. पहिल्या पाच मिनिटांतच भांडण होतं, आणि ते भांडण मला फार आवडतं : चेंडूची उंची वरच्या टोकाने मोजायची की खालच्या? सोडताना खालचं टोक धरलं आणि उसळी मोजताना वरचं, तर हिशोब चुकतो. मुलं स्वतःच ठरवतात की दोन्ही वेळा खालचंच टोक. डोळा खुणेच्या समोर नसला तर आकडा बदलतो, हेही त्यांनाच कळतं. मोबाइलवर संथ गतीचं चित्रण करता आलं तर फारच छान, नाही आलं तरी अडत नाही.

आमचे आकडे आले ते असे : १६०, ८७, ४९, २८. पुढचे टप्पे इतके भराभर झाले की मोजता आले नाहीत. आता इथे शिक्षकाने तोंड बंद ठेवायचं. मुलं आधी वजाबाकी करतात, कारण त्यांना तीच सवय आहे : ७३ ने कमी झाला, मग ३८ ने, मग २१ ने. वजाबाकीत काही सूर लागत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "बाई, दरवेळी निम्म्याहून थोडा जास्त येतोय." त्या एका वाक्यात भूमिती श्रेढी आली. सामान्य गुणोत्तर हा शब्द त्यासाठी लागला नाही. आमच्या चेंडूचं गुणोत्तर साधारण ०.५५ आलं. अगदी एकसारखं नाही आलं, ०.५४ ते ०.५७ च्या दरम्यान हललं. मापात थोडं इकडेतिकडे होणारच, आणि ते लपवायचं नाही.

ज्यांना वाटतं की हा पोरखेळ आहे, त्यांच्यासाठी सांगते. टेनिसच्या चेंडूची पारख अशीच होते. ठरलेल्या २५४ सेंटिमीटर उंचीवरून तो कठीण जमिनीवर सोडतात, आणि सामान्य चेंडूची उसळी १३५ ते १४७ सेंटिमीटरच्या आत यावी लागते. भागाकार करून बघा, ०.५३ ते ०.५८. आमचा पाच-दहा रुपयांचा चेंडू त्यातच बसला, हे सांगितल्यावर मुलांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता गणिताची सोय म्हणून गुणोत्तर बरोबर निम्मं धरू. चेंडू १६० खाली आला. मग ८० वर, ८० खाली. ४० वर, ४० खाली. २०, १०, ५... हे संपणार कधी? आणि संपतच नसेल तर एकूण अंतर किती? मुलांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "खूप. मोजताच येणार नाही." मोठ्यांचंही तेच असतं, विचारून बघा.

इथे कागदाची पट्टी काढायची. पट्टीची लांबी १६० मानायची. निम्मी रंगवली, ८० झाले. उरलेल्यातली निम्मी रंगवली, आणखी ४०. उरलेल्यातली निम्मी, २०. कितीही वेळा रंगवा, पट्टीच्या बाहेर जाता येतं का? नाही. पट्टीत मोठी जागा कोरी राहते का? तीही नाही, कारण उरलेलं दरवेळी निम्मं होतं. तुम्ही कितीही बारीक जागा दाखवा, काही वेळा रंगवल्यावर उरलेलं त्याहून लहान होणारच. म्हणजे ८० + ४० + २० + ... यांची बेरीज १६०. वर जाताना १६०, खाली येताना १६०, आणि सुरुवातीचे १६०. एकूण ४८० सेंटिमीटर, म्हणजे सोडलेल्या उंचीच्या तिप्पट. यात एकही सूत्र नव्हतं. पाचवीच्या मुलाने हे केलं, की अकरावीत ते सूत्र त्याच्यासमोर येईल तेव्हा ते त्याला ओळखीचं माणूस वाटेल.

आमच्या खऱ्या चेंडूचं, ०.५५ गुणोत्तराचं, उत्तर साडेपाच मीटरच्या आसपास येतं. ते मी पाचवीत काढायला लावत नाही. आठवीच्या पुढे जरूर लावा.

आणि आवाज ऐकायला विसरू नका. डोळे मिटून ऐकायला सांगा : टप्... टप्.. टप्. टप्टप्टप्... टर्रर्र. टप्प्यांमधला वेळही कमी होत जातो, तोही ठरावीक पटीत, पण उंचीच्या पटीत नाही. उंची चौथा हिस्सा झाली तर वेळ निम्मा होतो. उंची निम्मी झाली तर वेळ साधारण ०.७ पट होतो. कारण खाली पडणाऱ्या वस्तूचं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १६० सेंटिमीटरवरून सोडलेला, निम्मं उसळणारा चेंडू गणिताप्रमाणे अनंत टप्पे घेतो आणि ते सगळे सुमारे ३.३ सेकंदांत संपवतो. अनंत टप्पे, साडेतीन सेकंदांच्या आत! हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवते आणि काही बोलत नाही.

दुसरा प्रयोग जेवणाच्या डब्यातला आहे. एक भाकरी, तीन मुलं. अट अशी की भाकरीचे तुकडे करायचे ते चारच. तीन तुकडे तिघांना दिले, चौथा उरला. त्याचे पुन्हा चार करायचे, तीन तिघांना, एक उरला. पुन्हा चार. शेवटी उरतो तो कण मुंगीला सोडून द्या. प्रत्येकाला किती मिळालं? चौथा हिस्सा, अधिक सोळावा, अधिक चौसष्टावा... पण तिघांना सारखंच मिळालं आणि भाकरी संपली, म्हणजे प्रत्येकाला एक तृतीयांश. १/४ + १/१६ + १/६४ + ... = १/३. केरळमधले गणिती नीलकंठ सोमयाजी (जन्म १४४४) यांनी आर्यभटीयावरच्या आपल्या भाष्यात नेमकी हीच बेरीज घेतली आहे. आणि त्यांनी नुसतं उत्तर दिलेलं नाही. ही बेरीज तेवढीच वाढते, त्यापलीकडे जात नाही, आणि तिथपर्यंत पोहोचते, हे कशावरून, असा प्रश्न त्यांनी स्वतःच उभा केला आहे. माझ्या मते शिक्षकाने त्यांच्याकडून घ्यायचा तो हा प्रश्न.

भाकरी आता रस्त्यावर आणू. सायकलवाला ३ किलोमीटर पुढे आहे. स्कूटरचा वेग सायकलच्या चौपट. स्कूटर त्याला किती अंतरावर गाठेल? काळ-काम-वेगाचं नेहमीचं उदाहरण. शिष्यवृत्तीच्या तयारीत 'पोलीस आणि चोर' या वेषात ते सगळ्यांना भेटलेलं असतं. त्यावरची युक्तीही पाठ असते : मधलं अंतर भागिले वेगांतील फरक. युक्ती बरोबर आहे, झटपट आहे, तिच्याशी माझं भांडण नाही.

भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. एका पालकांनी मला सांगितलं, त्यांच्या मुलाने शिकवणीत विचारलं की, "स्कूटर ३ किलोमीटर जाईल तोवर सायकल थोडी पुढे जाईल. स्कूटर ते थोडं अंतर जाईल तोवर सायकल आणखी थोडी पुढे. म्हणजे सायकल कायम पुढेच ना?" त्याला उत्तर मिळालं : "असलं परीक्षेत विचारत नाहीत, पुढचं गणित घे." तो मुलगा गप्प बसला. त्या शिकवणीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हे कुठेही घडतं, आपल्या शाळांतही घडतं. पण त्या पोराने विचारलेला प्रश्न इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इटलीच्या दक्षिणेकडच्या एलिया गावच्या झेनोने विचारला होता, आणि त्यावर ॲरिस्टॉटलपासून पुढचे सगळे विचार करत बसले. जो प्रश्न दोन हजारांहून अधिक वर्षं टिकला, तो आपण तीस सेकंदांत बंद करतो. वेळ नाही म्हणून. पोर्शन संपवायचा आहे म्हणून.

त्या मुलाला उत्तर देता येतं, आणि तेही त्याच्याच पद्धतीने. स्कूटर आधी ३ किलोमीटर गेली. तेवढ्यात सायकल ३/४ गेली. स्कूटर ते ३/४ गेली, सायकल ३/१६. स्कूटरचं एकूण : ३ + ३/४ + ३/१६ + ... भाकरी आठवा. १/४ + १/१६ + ... म्हणजे १/३. त्याची तिप्पट १. म्हणजे ३ + १ = ४ किलोमीटर. पडताळा : स्कूटर ४ गेली तर सायकल १ जाणार, आणि ती आधीच ३ पुढे होती. जुळलं. मुला, तुझे टप्पे अनंत आहेत हे खरं. पण त्या सगळ्यांची बेरीज फक्त ४ किलोमीटर आहे, आणि त्यांना लागणारा वेळही असाच आटत जातो. ४ किलोमीटरनंतर स्कूटर पुढे आहे. "कायम" हा शब्द तू टप्प्यांसाठी वापरलास आणि मनात वेळेसाठी धरलास, घोटाळा तिथे झाला. ससा-कासवाची गोष्टही अशी सांगून बघा, ससा न झोपता.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. या गणितात श्रेढी लागतेच असं नाही, सरळ रीत सोपी आहे. दोन सायकलस्वार २० किलोमीटर अंतरावरून समोरासमोर येतायत, दोघांचा वेग ताशी १०. एक माशी ताशी १५ च्या वेगाने एकाकडून दुसऱ्याकडे, पुन्हा पहिल्याकडे, अशी ते भेटेपर्यंत उडत राहते. माशी किती उडाली? सायकलस्वार एका तासात भेटतात, माशी १५ किलोमीटर उडाली, संपलं. श्रेढीने करायचं तर पहिली फेरी १२ किलोमीटर, दुसरी २.४, तिसरी ०.४८, दरवेळी पाचवा हिस्सा. १२ भागिले ४/५, म्हणजे १५. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाबद्दल एक किस्सा सांगितला जातो की अशाच एका कोड्याचं उत्तर त्यांनी क्षणात दिलं. विचारणारा म्हणाला, तुम्हाला युक्ती माहीत होती तर. ते म्हणाले, कसली युक्ती, मी श्रेढीची बेरीज केली. किस्सा खरा असो वा नसो, वर्गात रंगतो. पण त्यावरून श्रेढीची रीत म्हणजे उगाच द्राविडी प्राणायाम असा निष्कर्ष काढू नका. दोन वेगळ्या वाटांनी गेल्यावर एकच गाव आलं, याचा आनंद गणितात फार महत्त्वाचा आहे. एकच वाट पाठ केलेल्याला तो मिळत नाही.

उलट बाजूची चूकही होते. एकदा श्रेढी कळली की सगळीकडे तीच दिसू लागते. म्हणून एस.टी.चा ब्रेक आणि झोपाळा ही दोन उदाहरणं मी नेहमी शेजारी ठेवते. ब्रेक सारखा दाबून धरला तर वेग दर सेकंदाला ठरावीक प्रमाणाने घटत नाही, ठरावीक आकड्याने घटतो. प्रत्येक सेकंदाला कापलेली अंतरं अंकगणिती श्रेढीत येतात, आणि गाडी खरोखर थांबते. झोपाळा मात्र एकदा ढकलून सोडला की त्याचा झोका साधारण ठरावीक पटीने लहान होतो. पहिला झोका ४० सेंटिमीटर आणि पुढचा प्रत्येक ०.९ पट धरला तर सगळ्या झोक्यांची बेरीज ४०० सेंटिमीटर. "काही आकड्याने कमी होतंय की काही पटीने?" हा एक प्रश्न मुलाला विचारायची सवय लागली तर पुढची पाच वर्षं सोपी जातात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) श्रेढीचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि तिथे दोन्ही प्रकार आहेत. शत्रूचे हत्ती पकडायला निघालेला राजा पहिल्या दिवशी २ योजनं जातो, रोज सारखी वाढ करत सात दिवसांत ८० योजनं गाठतो, तर रोजची वाढ किती? हे गतीचं गणित, आणि ते अंकगणिती आहे. उत्तर २२/७ योजनं. दुसरीकडे एक दाता याचकाला पहिल्या दिवशी २ कवड्या देतो आणि रोज दुप्पट करतो. महिन्याभराच्या कवड्या होतात २१४,७४,८३,६४६. पाचवीच्या मुलांना दुसरं गणित द्या आणि दहा दिवसांपर्यंतच करायला सांगा. पंधराव्या दिवसापर्यंत ती स्वतःहून जातात.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. चेंडू खरंच अनंत टप्पे घेतो का? नाही. काही टप्प्यांनंतर उसळी इतकी कमी होते की चेंडू फरशीवर नुसता थरथरतो, मग लोळतो. पुस्तकातलं 'थांबेपर्यंत अनंत टप्पे' हे खऱ्या चेंडूचं वर्णन नाही, त्याच्या गणिती नमुन्याचं आहे. हे मुलांना सांगायला आपण कचरतो, कारण मग मूल म्हणेल की पुस्तक खोटं आहे. म्हणू द्या. पुढचा प्रश्न विचारा : पहिल्या दहा टप्प्यांनंतर किती अंतर उरतं? १६० चं दहा वेळा निम्मं करा, उंची दीड मिलिमीटरच्या आसपास येते. तिथून पुढचं सगळं वर-खाली मिळून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. म्हणजे चेंडू दहाव्या टप्प्यानंतर थांबला काय आणि चालू राहिला काय, ४८० या उत्तराला धक्का लागत नाही. नमुना खोटा असूनही उपयोगी का पडतो, हे याहून स्वस्तात समजावता येत नाही.

पालकांना एक विनंती. घरी हा प्रयोग केलात तर उत्तर सांगायची घाई करू नका, आणि इंटरनेटवरून सूत्र शोधून तर मुळीच देऊ नका. मूल "संपणारच नाही" म्हणालं तर "बरोबर, मग बेरीज किती?" एवढंच विचारा. दोन दिवस त्याच्या डोक्यात राहू दे. अपूर्णांकांच्या बेरजेत कच्चं असलेलं मूलही १/२ + १/४ + १/८ पट्टीवर बरोबर करतं, कारण तिथे लसावि शोधायचा नसतो, उरलेलं बघायचं असतं. ज्यांना वाटतं की आधी पाया पक्का करू आणि मग अशा गमती करू, त्यांना माझं सांगणं आहे की माझ्या वर्गात बऱ्याच मुलांचा पाया या गमतीतच पक्का झाला.

वेळेचं गाऱ्हाणं मला मान्य आहे. माहिती भरणं, फोटो पाठवणं, अध्ययन निष्पत्तींच्या नोंदी, यातून उरलेल्या वेळात हे बसवायचं. मी ते जुलै-ऑगस्टमध्ये करते. पाऊस असला की खेळाचा तास मैदानावर होत नाही, मुलं वर्गात चुळबुळत बसलेली असतात आणि चेंडू कपाटातच असतो. ओल्या फरशीवर मात्र करू नका, उसळी बदलते आणि मुलं घसरतात. फरशी नसेल तर सारवलेल्या जमिनीवरही करून बघा. आकडे खूप लवकर संपतील, गुणोत्तर बरंच कमी येईल, आणि मग दोन जमिनींची तुलना करायला दुसरा तास लागेल.